परसातला होला

आमच्या परसात शेवग्याचे झाड आहे. त्यावर होल्याची जोडी राहते. होला पारव्याच्याच जातीचा, पण अंगाने लहान. कुठे कुठे त्याला कवडाही म्हणतात.

त्याचे घरटे ते कसले! थोड्या काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं. सुगरण पक्ष्याने पाहिले तर तो हसेल. खालून बघितलं तर फटीतून अंडी दिसतात. अंडी दोन, पांढरीशुभ्र. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने ती उबवतात. सुमारे 13 ते 15 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

या दिवसांत घरट्यात सारखे डोकावू नये. होला बिचकतो आणि अंडी सोडून जातो. मग कावळ्याचे फावते.

होला दाणे खातो. पण इवल्या पिलाला दाणा कसा पचणार? होल्याच्या गळ्याखाली एक पिशवी असते. तिच्यात दह्याच्या गाठींसारखा पांढरा लगदा तयार होतो. त्याला पक्ष्याचे दूध म्हणतात. हे दूध आईला येते, तसे बापालाही येते! पिल्लू आपली चोच त्यांच्या तोंडात घालते आणि ते खाते. पहिले काही दिवस त्याला एवढेच अन्न. पुढे हळूहळू भिजलेले दाणे मिळू लागतात. दोन आठवड्यांच्या सुमारास पिल्लू उडते.

वाऱ्याने पिल्लू खाली पडले, की मुले त्याला घरात आणतात. कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजतात. हे करू नका. गाईचे दूध त्याला पचत नाही. शिवाय ते श्वासाच्या नळीत जाते आणि पिल्लू मरते.

मग करावं काय? पिल्लू उघडेबोडके असेल तर हळूच उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. घरटेच मोडले असेल तर एक उथळ टोपली त्याच फांदीला बांधा आणि पिल्लू तीत ठेवा. पंख फुटलेले पिल्लू मात्र उडायला शिकत असते. त्याला जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब व्हा. मांजराला तेवढे आवरा. आईबाप तिथेच येऊन त्याला चारतात.

उन्हाळ्यात परसात परळभर पाणी ठेवावे. कोंबडी घोट घेते आणि मान वर करते. होल्याचे तसे नाही. तो चोच पाण्यात बुडवतो आणि गुरासारखा एका दमात पितो.