जुना ट्रॅक्टर : दुरुस्ती की बदली?

भिवंडी तालुक्यातील वळ गावाच्या परिसरात आता गोदामे फार झाली आहेत. तथापि ज्यांची भातशेती अद्याप चालू आहे, त्यांना जुन्या ट्रॅक्टरचा निर्णय पावसापूर्वीच घ्यावा लागतो.

केवळ तासांच्या मीटरवरील आकडा पाहून ट्रॅक्टर मोडीत काढू नये. निळसर धूर निघणे, ऑइल वरचेवर घालावे लागणे व ब्रीदरमधून जोराने धूर येणे ही लायनर, पिस्टन व रिंगा झिजल्याची लक्षणे होत. दोष एवढाच असेल, तर इंजिनाचे काम करून घेणे इष्ट. मात्र गिअरबॉक्स व हायड्रॉलिकही थकले असल्यास इंजिनावरील खर्च वाया जाईल. चिखलणीत ऑइलसील खराब होऊन पाणी आत शिरते; म्हणून मागील आसाचे ऑइल दुधाळ झाले आहे काय, हे प्रथम पाहावे.

हिशेब दरवर्षाचा मांडावा. समजा, दुरुस्तीस 80,000 रुपये लागले व ट्रॅक्टर 4 वर्षे चालला, तर वर्षास 20,000 पडतात. जुना विकून नव्यासाठी 5,00,000 रुपये घातले व तो 10 वर्षे टिकला, तर वर्षास 50,000, शिवाय कर्जाचे व्याज. परंतु ऐन जुलैत यंत्र बंद पडून लावणीचे रोप 40 दिवसांचे झाले, तर फुटवे कमी येतात. हे नुकसान जुन्याच्याच खाती धरावे. नोंदणीस 15 वर्षे होत आली असल्यास नूतनीकरणाचा खर्चही मिळवावा.

शेत दोन एकरच उरले असेल, तर भाड्याने चिखलणी करून घेणे बहुधा स्वस्त पडते.