दुसऱ्याच्या वतीने : अडत, मुखत्यारी आणि कायदा

सांगली जिल्ह्यातील तासगाव ही द्राक्षांची आणि बेदाण्याची नामांकित बाजारपेठ. उन्हाळ्यात तयार झालेला बेदाणा शीतगृहात ठेवला जातो. सौद्याच्या दिवशी त्याचा नमुना व्यापाऱ्यांपुढे मांडला जातो, बोली होते आणि भाव ठरतो. या साऱ्या व्यवहारात मालाचा धनी असलेला शेतकरी बहुधा एक शब्दही बोलत नाही. त्याच्या वतीने अडत्या बोलतो. वर्षभराच्या श्रमाचे मोल अशा रीतीने दुसऱ्याच्या तोंडून ठरत असल्यामुळे, 'वतीने' या लहानशा शब्दाचा कायद्यातील अर्थ सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रकर्ता आणि अभिकर्ता

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात (कलमे १८२ ते २३८) या संबंधाचा विचार केलेला आहे. दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करण्याकरिता, किंवा तिसऱ्या व्यक्तीबरोबरच्या व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्याकरिता नेमलेली व्यक्ती म्हणजे अभिकर्ता, आणि ज्याच्यासाठी ते कृत्य केले जाते तो प्रकर्ता. अभिकर्त्याने अधिकाराच्या मर्यादेत केलेला करार हा प्रकर्त्याने स्वतः केल्यासारखाच असतो. नेमणुकीसाठी मोबदला ठरलेलाच पाहिजे असे नाही. ती लेखीच हवी असेही नाही. अधिकार शब्दांनी देता येतो, तसाच तो परिस्थितीवरून व वहिवाटीवरूनही सिद्ध होतो. म्हणूनच सावधगिरी हवी. आपण काही लिहून दिलेले नाही, एवढ्यावरून आपण बांधले गेलो नाही असे समजणे चुकीचे ठरेल.

मिळवून देणारा आणि वतीने करणारा

व्यवहारात या दोन भूमिकांची गल्लत होते. गिऱ्हाईक दाखवणारा, दोन पक्षांची गाठ घालून देणारा माणूस केवळ तेवढ्याने कोणाचाही अभिकर्ता होत नाही. त्याच्या शब्दाने धनी बांधला जात नाही. बांधण्याचा अधिकार त्यास दिला होता काय, हा खरा प्रश्न होय.

'मिळवून देतो' या शब्दाची दुसरीही एक बाजू आहे. सरकारी नोकरी मिळवून देण्याबद्दल पैसे देण्याचा करार शून्य होय, हे उदाहरण संविदा अधिनियमाच्या कलम २३ खालीच दिलेले आहे. असा पैसा बुडाल्यास त्या कराराच्या आधारे दाद मागता येत नाही. लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी मध्यस्थाने लाभ घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली घातलेल्या कलम ७-अ अन्वये अपराध आहे. दाखला किंवा अनुदान मिळवून देतो असे सांगणारा इसम कार्यालयाचा प्रतिनिधी नव्हे, हे ग्रामसभेत पुन्हापुन्हा सांगितले पाहिजे.

अडत्याची कर्तव्ये

अडत्याने प्रकर्त्याच्या सूचनेप्रमाणे वागावे. सूचना नसेल तेथे त्या पेठेच्या रिवाजाप्रमाणे वागावे (कलम २११). अमुक भावाखाली माल सोडू नये असे बजावले असता त्याने तो सोडला, तर होणारे नुकसान त्याने भरून द्यावे लागते. मागणी होताच हिशेब देणे (कलम २१३) आणि आपले येणे वजा करून उरलेली रक्कम प्रकर्त्यास देणे (कलम २१८) हीही त्याची कर्तव्ये होत. हाती पडणाऱ्या पट्टीत वजन, भाव, अडत, हमाली व तोलाई स्वतंत्रपणे दाखवलेली असावी, असा आग्रह शेतकऱ्याने धरावा तो याच आधारावर.

अडत्याने तोच माल गुपचूप स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावे घेतला तर? महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली गेली, अथवा व्यवहार अहितकारक ठरला, असे दाखवता आल्यास प्रकर्त्यास तो नाकारता येतो (कलम २१५). प्रकर्त्यास न कळवता मिळवलेल्या लाभावरही प्रकर्त्याचा हक्क पोहोचतो (कलम २१६).

पैसे बुडाले तर?

खरेदीदाराने माल नेला आणि पैसे दिले नाहीत, तर तोटा कोणाचा? येथे कच्ची अडत व पक्की अडत हा जुना भेद उपयोगी पडतो. कच्च्या अडतीत अडत्या निव्वळ अभिकर्ता असतो. करार खरेदीदार व मालाचा धनी यांच्यात होतो. पक्क्या अडतीत अडत्या स्वतःच व्यवहाराच्या पूर्ततेची हमी घेतो, आणि आपल्या गिऱ्हाइकापुरता तो स्वतः पक्षकार ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या १९०५ सालच्या प्रकरणात हा रिवाज मान्य केला.

मात्र कच्चा अडत्याही सर्वस्वी मोकळा नसतो. खरेदीदाराच्या पतीची नेहमीची चौकशी न करता उधारीवर माल दिला आणि तो दिवाळखोर निघाला, तर भरपाई अभिकर्त्यावर येते (कलम २१२). शिवाय महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ यातील अडत्याच्या व्याख्येतच खरेदीदाराकडून रक्कम वसूल करून ती पोहोचवण्याचे काम समाविष्ट आहे.

अडत कोणी द्यावी हा प्रश्न निराळा. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याच्या बाबतीत ती विक्रेत्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद झाली. परंतु मोबदला कोणाच्या खिशातून येतो, एवढ्यावरून अभिकर्ता कोणाचा हे ठरत नाही. नेमणूक कोणी केली आणि काम कोणाच्या हितासाठी आहे, यावर ते ठरते.

मुखत्यारपत्र आणि सही

वृद्ध आईवडील पुष्कळदा मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात. त्यात दिलेले अधिकार नेमके लिहावेत. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. अधिकार काढून घेतल्यास मुखत्यारास आणि संबंधित त्रयस्थांनाही लेखी कळवावे. त्यांना कळेपर्यंत, त्यांच्यापुरता तो अधिकार संपत नाही (कलम २०८).

सहीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. धनादेशावर किंवा वचनचिठ्ठीवर आपण दुसऱ्यातर्फे सही करीत आहोत हे न दर्शविल्यास, सही करणारा सामान्यतः स्वतः जबाबदार होतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याचे कलम २८ तसे सांगते. सरपंच, सचिव किंवा संस्थेचे पदाधिकारी यांनी नावाखाली पद व 'करिता' हा शब्द लिहिण्याची सवय ठेवावी ती यासाठीच.

माल देताना किमान भाव, उधारीची मुदत आणि अडतीचा प्रकार लिहून घ्यावा, पट्टी जपून ठेवावी, आणि वाद उद्भवल्यास विलंब न लावता बाजार समितीकडे लेखी तक्रार करावी. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे जरी गावोगाव समजावून सांगितले, तरी दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासाला कायद्याचे पाठबळ मिळेल.