हंस नव्हे, कादंब

प्रश्न : तापीकाठी हिवाळ्यात हंस उतरतात असं ऐकलं. माझ्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे. फोटोसाठी किती जवळ जावं? – एक वाचक, शहादा

उत्तर : खरा हंस आपल्याकडे हिवाळ्यातही येत नाही. लोक ज्याला राजहंस म्हणतात तो पट्टकादंब, हिमालय ओलांडून येणारा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे दिसले की ओळखा.

तुमची लेन्स पुरेल, घाई मात्र नडेल. पहाटेच जाऊन बसा, सूर्य पाठीशी ठेवा. थव्यावर सरळ चालून जाऊ नका. वाकून, तिरके सरका. चरताना एक मान ताठ झाली की थांबा, चार झाल्या की मागे फिरा. डोक्याचा पांढरा रंग जळतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या.

आणि शहाद्याचे असून हंसच कशाला? नामशेष मानलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी, १९९७ साली, तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा दिसला. हा पिंगळा दिवसाही उघड्या फांदीवर बसतो. फक्त मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि ढोलीत पिल्लं असतील तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या.