जर्मनीची तयारी आयटीआयच्या अर्जापासून

दहावीचा निकाल लागला की पालकांचा हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ‘जर्मनीला पाठवायला किती खर्च येतो?’ फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जास्तच. खर्चाचं नंतर बघू. मुलाच्या हातात जे प्रमाणपत्र पडणार आहे त्याला तिथे मान्यता मिळेल का, हे आधी विचारा.

कारण जर्मनीचा कामाचा परवाना या मान्यतेवर अडतो किंवा सुटतो. इंजिनिअरिंगवाल्यांचं त्या मानाने सोपं. ‘अनाबिन’ या सरकारी संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधायची. ती बसत असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर ब्लू कार्ड हा कामाचा परवाना मिळू शकतो. ही मर्यादा २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो होती. नवे पदवीधर आणि टंचाईच्या क्षेत्रांतले लोक यांच्यासाठी सुमारे ४३,७६० युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

खरी मेख आयटीआयला आहे. वेल्डर घ्यायचा की फिटर, हे बहुतेक घरांत मेरिट लिस्ट आणि बसचं भाडं बघून ठरतं. पण वेल्डर, प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट दोन वर्षांचे. मार्च २०२४ पासून जर्मनीने एक नवी वाट काढली आहे : नोकरीची ऑफर घेऊन जा, काम सुरू करा आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे राहून पुरी करा. त्यासाठी मायदेशातलं सरकारमान्य शिक्षण किमान दोन वर्षांचं हवं आणि जर्मन भाषा ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत यायला हवी. एक वर्षाच्या ट्रेडवाल्याला ही वाट बंद. हात कितीही चांगला असो, नियम हात बघत नाही. त्याला तिथे जाऊन आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात काम करत घ्यायचं प्रशिक्षण, पहिल्यापासून करता येईल. पण त्यासाठी भाषा आणखी वरची लागते.

दोन वर्षं झाली म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. तिथला इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षं शिकतो. त्यामुळे आपल्या मुलांना अनेकदा ‘अंशतः मान्य’ असं पत्र येतं आणि घरात सुतकी कळा पसरते. ते पत्र एटीकेटीसारखं वाचावं. कोणता भाग कमी पडतो ते त्यात लिहिलेलं असतं आणि तेवढंच भरून काढायचं असतं.

नर्सिंगमध्ये भाषेची अट आणखी कडक आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळी लागते. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटचं सगळं सांगायचं, डॉक्टरांनी फोनवर दिलेला डोस अचूक लिहून घ्यायचा, घाबरलेल्या नातेवाइकाला समजावायचं, हे सगळं जर्मनमध्ये. ‘तीन महिन्यांत बी-टू’ अशी पाटी दिसली तर पुढचा क्लास बघा. पुण्यात आणि मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे. फी जास्त वाटली, तरी निदान परीक्षा तिथली द्या.

आता एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो; ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं. उमेदवाराकडून त्याला सेवाशुल्क घेता येतं ते कमाल ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. कोणी पाच लाख सांगत असेल तर त्यात क्लास किती, भाषांतरं किती, व्हिसा फी किती, हे कागदावर फोडून मागा. पावती मागितल्यावर चिडणाऱ्याला, किंवा मूळ मार्कशीट ‘फाइलसाठी’ ठेवून घेणाऱ्याला, एक रुपयाही देऊ नका.