विचारणाऱ्याच्या शब्दांत उत्तर : शाळेच्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांचे पान

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता आंबेनळी घाटातून जातो. पावसाळ्यात दरड कोसळली की तो बंद होतो. कधी काही तास, तर कधी अनेक दिवस. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो. घाटमाथ्यावरच्या गावातून मुलाला खाली निवासी शाळेत पोहोचवायला निघालेल्या पालकाला त्या दिवसांत पहिला प्रश्न पडतो तो रस्त्याचा. पूर्वी हा प्रश्न एस.टी. स्थानकातील चौकशी खिडकीपाशी विचारला जात असे. आज तो मोबाईलवर लिहिला जातो, आणि जे उत्तर सर्वांत वर दिसते त्यावर विसंबून प्रवास सुरू होतो.

ते उत्तर तीन वर्षांपूर्वीचे असले तर काय होईल, याचा विचार या परिसरातील माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि केवळ एक प्रवासी वाचला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरडीने वस्ती गाडली गेली. जिथे निसर्ग इतका कठोर आहे, तिथे माहिती नेमकी, ताजी आणि सहज सापडणारी असणे ही चैन नव्हे. म्हणूनच संकेतस्थळावरील ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हे पान कसे तयार करावे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न कोठून आणावेत?

बहुतेक संस्था हे पान टेबलाशी बसून लिहितात. त्यामुळे त्यात संस्थेला सांगावयाचे असते तेच येते. पालकांना विचारावयाचे असते ते राहून जाते. पहिले काम अगदी साधे आहे. कार्यालयातील दूरध्वनीजवळ एक वही ठेवावी आणि मार्च ते जून या काळात आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. ‘प्रवेशप्रक्रियेविषयक माहिती’ असे कोणी विचारत नाही. ‘पाचवीचे फॉर्म कधी सुटतात?’, ‘दाखला नसेल तर मुलाला घेतात का?’, ‘सुट्टीत न्यायला कोणी यायचे?’ असे विचारतात. पानावरील शीर्षकही याच भाषेत असावे, कारण शोधयंत्रात माणूस हेच शब्द लिहितो.

दुसरे साधन म्हणजे गूगलचे सर्च कन्सोल. हे विनामूल्य आहे. आपल्या संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर लोक कोणते शब्द शोधताना आपल्यापर्यंत आले, हे त्यात दिसते. तिसरे साधन तर प्रत्येकाच्या हातातच आहे : शोधपेटीत दोन शब्द लिहिले की खाली येणाऱ्या सूचना वाचाव्यात.

लिपी आणि नाव

रोमन लिपीत ‘महाड’ लिहू लागले की त्याच अक्षरांनी सुरू होणारे शासनाचे शिष्यवृत्तीचे ‘महाडीबीटी’ संकेतस्थळही आपोआप वाटेत येते. नावाची अशी सरमिसळ टाळण्यासाठी शीर्षकात गाव, तालुका व जिल्हा हे तिन्ही असावेत. ‘आमच्याविषयी प्रश्न’ यापेक्षा ‘निवासी शाळा प्रवेश : महाड व पोलादपूर, जिल्हा रायगड’ हे शीर्षक यंत्रालाही कळते आणि माणसालाही.

एकच स्थळ लोक अनेक प्रकारे लिहितात. आंबेनळी, अंबेनळी, चवदार तळे, चवदार तलाव. एखादे पर्यायी रूप वाक्यात सहजपणे येत असेल तर येऊ द्यावे. मात्र सर्व रूपांची माळ पानाच्या तळाशी ओवू नये. शब्दांची अशी खोगीरभरती गूगलच्या नियमांत फसवणूक ठरते आणि पान मागे पडते.

याहून मोठा दोष आपल्याकडे सर्रास आढळतो. सूचनापत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित करायचे, त्याचे छायाचित्र काढायचे आणि तेच संकेतस्थळावर चढवायचे. पाहणाऱ्याला ते मराठी दिसते. परंतु त्या फाँटमधील मजकूर यंत्राच्या दृष्टीने निरर्थक रोमन चिन्हे असतात आणि चित्रातील अक्षरांवर शोधासाठी भरवसा ठेवता येत नाही. उत्तर युनिकोड देवनागरीत, पानावरच मजकूर म्हणून लिहिलेले असावे. घाटातल्या कमकुवत नेटवर्कमध्ये चित्रापेक्षा मजकूर लवकर उघडतो, हा आणखी एक लाभ.

उत्तराची घडण

चांगल्या उत्तराचे पहिले वाक्य स्वतःच पूर्ण उत्तर असते. अट, अपवाद, कागदपत्रे नंतर येतात. एक उदाहरण पाहू. महाडविषयी विद्यार्थ्यांचा एका प्रश्नात नेहमी घोटाळा होतो.

प्रश्न : चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचे दहन एकाच दिवशी झाले का?

उत्तर : नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, तर मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले. दोन्ही घटना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथेच घडल्या. डिसेंबरमधील नियोजित सत्याग्रह न्यायालयाच्या मनाईमुळे स्थगित ठेवावा लागला. तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

येथे ‘नाही’ हा शब्द प्रथम आला. तारखा पूर्ण दिल्या. ‘तो’, ‘तेथे’ अशा सर्वनामांवर उत्तर अवलंबून ठेवले नाही. असे करण्यास कारण आहे. शोधयंत्र अनेकदा पानातील एवढाच तुकडा उचलून निकालांच्या वर दाखवते. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दाखवू लागले आहे. आगापीछा नसताना वाचला गेला तरी ज्याचा अर्थ बदलत नाही, तेच उत्तर या प्रवासात टिकते.

आता प्रवेशाच्या वेळचा प्रश्न घेऊ.

प्रश्न : बौद्ध कुटुंबातील मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो का?

उत्तर : होय, कुटुंब मूळचे अनुसूचित जातीचे असल्यास मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध धर्माचा समावेश झाला आहे. महाराष्ट्रात यासाठी कुटुंबाच्या १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो.

हे तीन वाक्यांचे उत्तर वेळेवर सापडले तर पालक मार्च महिन्यातच आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुनी महसुली नोंद शोधू लागतो. सापडले नाही तर तो जूनमध्ये दलालाच्या दारात उभा राहतो. एखाद्या घरातील पहिलाच मुलगा किंवा मुलगी शाळेच्या पायरीवर असताना ही तफावत एका वर्षाची असू शकते.

पानाची मांडणी

प्रत्येक प्रश्न उपशीर्षक म्हणून द्यावा व त्याला स्वतंत्र दुवा असावा, म्हणजे तेवढाच प्रश्न पालकांच्या व्हॉट्सॲप गटात पाठवता येतो. मुखपृष्ठावरून या पानाकडे स्पष्ट वाट असावी. ज्या पानाकडे कोठूनच दुवा जात नाही ते यंत्राला सापडणे कठीण. प्रश्नावर बोट ठेवले की उत्तर उलगडते, ही रचना चालते. मात्र उत्तर मुळातच पानात असले पाहिजे, बोट लावल्यावर मागवून आणलेले नसावे. एखादे उत्तर पानभर लांबले तर त्याचे वेगळे पान करावे आणि येथे दोन वाक्यांत सार द्यावे.

संकेतस्थळ बांधणारे काही जण ‘एफएक्यू स्कीमा’ बसवून देतो, पान वर येईल, असे सांगतात. २०१९ मध्ये गूगलने अशा खुणांच्या आधारे शोधनिकालातच प्रश्नोत्तरे दाखवण्यास आरंभ केला होता, हे खरे. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय प्रामुख्याने नामांकित शासकीय व आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली गेली. शाळेने त्यासाठी पैसे मोजू नयेत. तोच खर्च उत्तरे लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या माणसावर करावा.

उत्तराला वय असते

आता पुन्हा घाटाकडे येऊ. ‘आंबेनळी घाट सुरू आहे का?’ या प्रश्नाला शाळेने होय किंवा नाही असे कायमचे उत्तर लिहूच नये. रोज बदलणाऱ्या गोष्टीचे उत्तर देताना चौकशीचा मार्ग सांगावा : निघण्यापूर्वी एस.टी. आगाराकडे व जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत खात्री करावी. घाट बंद असल्यास मुलाला उशिरा आणता येईल, त्यामुळे प्रवेश रद्द होणार नाही. शाळेचा नियम खरोखर असाच असेल तरच हे शेवटचे वाक्य लिहावे. तसे असेल तर पानावरील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होय, कारण घाई करू नका हे सांगण्याचा अधिकार शाळेलाच असतो. वरंध घाटही पावसाळ्यात बंद होत असल्याने भोरकडून येणाऱ्यांसाठी अशीच नोंद हवी.

प्रत्येक उत्तराखाली ‘शेवटची तपासणी’ अशी तारीख असावी आणि तपासणीचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारीत प्रवेशाआधी व मे महिन्यात पावसाआधी, सर्व उत्तरे वाचून काढावीत. कालबाह्य उत्तर दुरुस्त करावे किंवा काढून टाकावे. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक यांना या पानावर जागा नाही.

पान यशस्वी झाले हे कसे ओळखावे? सर्च कन्सोलमधील आकडे काही सांगतील. खरी पावती मात्र दूरध्वनीजवळच्या त्या वहीत मिळेल. तेच ते प्रश्न कमी झाले आणि नवे, अधिक खोलात जाणारे प्रश्न येऊ लागले, तर जुन्यांची उत्तरे पोहोचली असे समजावे. मग त्या नव्या प्रश्नांची पाळी येते.

या कामाला मोठा निधी लागत नाही. या शाळेत शिकून आज संगणकाच्या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील दोन रविवार दिले आणि पालकांनी आपले प्रश्न संकोच न बाळगता त्या वहीत नोंदवले, तर येत्या जूनपूर्वी हे पान उभे राहू शकेल. आपणही कधीकाळी ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या कार्यालयासमोर उभे होतो. तेव्हा जे विचारण्याचे धैर्य झाले नव्हते, त्याच प्रश्नाने पानाची सुरुवात करावी.