जमाखर्चाच्या वहीतून पटकथेकडे

चि. विनायक यास,

निर्मितीचा व्याप सोडून स्वतः पटकथा लिहावयाची आणि दिग्दर्शनही करावयाचे, हा तुझा मनोदय कळला. त्याला माझी ना नाही; परंतु ‘आठ वर्षे फुकट गेली’ हे तुझ्या पत्रातील वाक्य, चित्रसंस्थेच्या कीर्दी-खतावण्यांत हयात घालविलेल्या माणसास रुचावे तरी कसे?

अमेरिकेतील ॲलन पाकुला या गृहस्थाकडे पाहा. १९५७ पासून बारा वर्षे तो केवळ निर्माता होता. रॉबर्ट मलिगन या दिग्दर्शकासाठी त्याने सात चित्रपट उभे केले, आणि ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’सारखी कृती पदरी असूनही स्वतःच्या दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट त्याने पडद्यावर आणला तो १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. पुढे ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) या त्याच्या चित्रपटासाठी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची कचेरी कॅलिफोर्नियातील स्टुडिओत हुबेहूब उभारली गेली, तेव्हा टेबलांवर पसरावयास खऱ्या कचेरीतील रद्दी खोकी भरभरून आणविली होती. रद्दीला वाहतूकभाडे! मी असतो तर ते बिल नामंजूर करून मोकळा झालो असतो, आणि चुकलो असतो. आमच्या संस्थेत एका दिग्दर्शकाने पावसाचा एक प्रसंग तीन दिवस घेतला. टँकरवाल्याचे पैसे मी चुकते केले, आणि तो प्रसंग संकलनात सबंध गळाला. कोणता खर्च पडद्यावर उमटतो आणि कोणता नुसता वाहून जातो, हे ज्याने बिलांवर सह्या केल्या आहेत त्याला, माझ्या मते, अधिक लवकर उमगते.

लेखणीचे यश पाकुलाला त्याहूनही उशिरा लाभले. विल्यम स्टायरनच्या कादंबरीवरून त्याने लिहिलेल्या ‘सोफीज चॉइस’च्या (१९८२) पटकथेस ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि मेरिल स्ट्रीपला तर त्या भूमिकेबद्दल पारितोषिकच. कोणाच्या पुस्तकाचा आधार न घेता लिहिलेला ‘सी यू इन द मॉर्निंग’ (१९८९) मात्र लोकांनी उचलून धरला नाही. तेव्हा पहिल्याच खेपेस आपलेच आयुष्य कागदावर उतरविण्याची घाई करू नकोस. एखादी चांगली कादंबरी घे, तिचे हक्क रीतसर लेखी करारनाम्याने मिळव, आणि मग लिहावयास बैस.

खर्डा झाला की मजकडे पाठव. अक्षर मोठे ठेव, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आहे; आणि सोबत खर्चाचा अंदाजही जोड, तो मी अगोदर वाचीन.

तुझा,
दादाकाका