वर्गातील व गावातील ध्वनिमुद्रणासाठी लहान मायक्रोफोनची निवड

ज्या प्राथमिक शाळांत लॅपटॉप आहे, तेथे त्याचा उपयोग बहुधा पाठ व चित्रे दाखविण्यासाठी आणि शाळेची माहिती भरण्यासाठी होतो. त्याच यंत्रात आवाजही साठविता येतो, ह्या सोयीचा लाभ थोडेच शिक्षक घेतात. पहिलीतील मूल जूनमध्ये अक्षरास अक्षर लावून कसे वाचत होते आणि मार्चमध्ये कसे वाचते, हे लागोपाठ ऐकता आले तर प्रगतिपत्रकातील श्रेणीहून पुष्कळ अधिक उमगते. कोणता जोडाक्षराचा उच्चार अडतो, मूल कोठे चुकते आणि कोठे केवळ भिते, हे कानाला स्पष्ट कळते.

दुसरा उपयोग याहून निकडीचा आहे. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचल्यापासून जाते कोपऱ्यात गेले, आणि त्याबरोबर जात्यावरची ओवीही. ती ज्यांच्या ओठांवर आहे, त्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्यात आल्या. तथापि ध्वनिमुद्रण झाले ते त्यांतील काही भागाचेच. ते २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने ऐकावयास मिळू लागले. कागदावर ओवीचे शब्द राहतात. तिचा हेल, मधला विसावा, शेवटचा लांबविलेला स्वर कागदावर राहत नाही. कातकरी, ठाकरी, कोरकू यांसारख्या बोलींतील गोष्टींचेही असेच आहे. अशा व्यक्तीचे ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा करण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून पहिल्या वेळीच आवाज स्वच्छ यावा, एवढ्यासाठी पुढील विचार.

लॅपटॉपमध्ये मायक्रोफोन असतोच. मग वेगळा कशाला, असा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत निघणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अंतरात आहे. लॅपटॉपमधील मायक्रोफोन यंत्राच्या अंगातच बसविलेला असल्याने यंत्रातील पंख्याची घरघर आणि कळांची टकटक त्याला अगदी जवळून ऐकू येते, आणि बोलणारे मूल मात्र दोन हात दूर असते. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते; अंतर निम्मे केले की ती चौपट होते. मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, तर मुलाच्या थेट आवाजाची तीव्रता सोळापट होते. भिंतींवरून परतणारा घुमारा व खोलीतील इतर गलका मात्र जवळपास तितकाच राहतो. पाच-दहा पट किमतीच्या मायक्रोफोननेही जो फरक पडणार नाही, तो एक वीत जवळ सरकल्याने पडतो. निवड करताना ‘हा तोंडाजवळ नेता येईल काय?’ हा प्रश्न पहिला. बाकीचे सर्व नंतरचे.

ह्या दृष्टीने शाळेस तीन प्रकार उपलब्ध आहेत. पहिला, कपड्यास चिमट्याने लावावयाचा, ज्यास बाजारात कॉलर माईक म्हणतात. दुसरा, लहानशा तिवईवर उभा राहणारा यूएसबी मायक्रोफोन. तिसरा, हातात धरावयाचा, सभांतून दिसणारा. तिसऱ्याची सवय सर्वांना आहे. पण हातात माईक आला की मुले भाषण करू लागतात आणि आजीबाई गप्प होतात. शाळेच्या कामास पहिले दोन बरे. सोनेरी जाळीचे, जाड दांड्याचे भारदस्त मायक्रोफोन दुकानात पुढे केले जातात. त्यांतील पुष्कळांस ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा करणारे वेगळे उपकरण लागते. ते नसेल तर मायक्रोफोन मुका राहतो. पाठीवरच्या पिशवीतून वाडीवर न्यावयाच्या साधनात असा पसारा नको.

लहान आकार म्हणजे हलकी वस्तू, असा समज धरू नये. आजचे कॉलर माईक बहुतांशी ‘इलेक्ट्रेट कंडेन्सर’ जातीचे असतात. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी ह्या जातीचा आजचा प्रकार सिद्ध केला. ह्यातील पातळ पडदा विद्युतभार कायमचा धरून ठेवतो. त्यामुळे मोठ्या पुरवठ्याची गरज उरत नाही. लॅपटॉपच्या खाचेतून मिळणाऱ्या दोन-चार व्होल्टवर वा गोल बटणासारख्या घटावर काम चालते.

आता जोडणीविषयी. खरेदी फसते ती बहुतेक येथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. कॉलर माईकची पिन साडेतीन मिलिमीटर जाडीची असते, पण सर्व पिना सारख्या नसतात. पिनेवर विरोधक पदार्थाच्या बारीक कड्या दिसतात, त्या मोजाव्यात. दोन कड्या म्हणजे तीन जोड. अशी पिन कॅमेऱ्यासाठी असते. तीन कड्या म्हणजे चार जोड. ती मोबाइलसाठी असते. ज्या लॅपटॉपला हेडफोन व माईक मिळून एकच खाच आहे, त्याला तीन कड्यांची पिन लागते. दोन कड्यांची घातली तर ती बसते, दिसतेही ठीक. आवाज मात्र येत नाही, किंवा लॅपटॉप मुकाट्याने स्वतःच्याच मायक्रोफोनवर मुद्रण करीत राहतो. काही लॅपटॉपना ही खाचच नसते.

ह्या सर्व कटकटी यूएसबी मायक्रोफोनने टळतात. आवाजाचे अंकांत रूपांतर करणारा भाग त्याच्या पोटातच असतो आणि वीजही त्याच तारेतून मिळते. लॅपटॉपमधील आवाज वाढविणारा भाग पुष्कळदा सुमार असून मागे सतत ‘सूं’ असा सूर सोडतो. यूएसबीमुळे तोही वगळला जातो. शाळेत आधीच चांगला कॉलर माईक असेल तर तो टाकून देऊ नये. बोटाएवढे यूएसबी साउंड कार्ड घेऊन त्यास जोडावा. मात्र त्या कार्डाची माईकची खाच कोणत्या पिनेची आहे, हे तेथेही पाहावे.

बिनतारी प्रकाराविषयी थोडक्यात. ब्लूटूथ हेडसेटचा माईक मुद्रणास घेऊ नये. तो आवाजाचा वरचा भाग कापतो. कपड्यास लावावयाचे स्वतंत्र बिनतारी संच चांगले निघतात, परंतु त्यांचे घट चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागते. ओवी रंगात आली असता घट संपला तर उपाय नाही. तारेचा माईक असा दगा देत नाही.

आवाजाचा वरचा भाग मराठीस का हवा, हे शिक्षकास सांगणे न लगे. ‘चार’ मधील च आणि ‘चाक’ मधील च यांतील भेद, स आणि श यांतील भेद हे बहुतांशी उंच कंपनसंख्येच्या घर्षणात असतात. जुन्या दूरध्वनीवर सुमारे ३,४०० कंपनांपलीकडचा आवाज पोहोचत नसे, आणि स कोणता व फ कोणता हे ओळखणे अवघड होई. उलट ख, फ, भ यांसारख्या महाप्राण वर्णांचा श्वास सरळ मायक्रोफोनवर आदळला की ‘भप्’ असा धक्का उमटतो. त्यासाठी मायक्रोफोन ओठांसमोर न धरता हनुवटीच्या किंचित खाली व एका बाजूस ठेवावा आणि त्यावर स्पंजची टोपी असावी. उघड्या माळावर स्पंज पुरत नाही. तेथे केसाळ टोपी लागते.

दुकानात जाताना शाळेचा लॅपटॉप व साधे हेडफोन बरोबर न्यावेत. ‘फुलाबाईच्या भावाने चार चाकांची गाडी सावकाश हाकली’ असे एखादे वाक्य प्रत्येक मायक्रोफोनवर त्याच अंतरावरून बोलून ऐकावे. मग अर्धा मिनिट काहीच न बोलता मुद्रण करावे आणि ती शांतता ऐकावी. मायक्रोफोनचा स्वतःचा सूर त्या शांततेत सापडतो. कोणता माईक चालू आहे याची खात्री नसेल तर त्याच्या जाळीवर नख घासावे. खरखर मोठी आली तर तोच चालू आहे. ही परीक्षा दर वेळी मुद्रणापूर्वीही करावी.

माईक सर्व दिशांनी ऐकणारा घ्यावा की एकाच बाजूने? रिकाम्या, पत्र्याच्या छपराच्या वर्गात तिवईवर ठेवावयाचा असेल तर समोरचेच अधिक ऐकणारा बरा. कपड्यास लावावयाचा असेल तर सर्व दिशांचा घ्यावा. मूल मान वळविते, आजी हसून बाजूस पाहते, तरी आवाज तुटत नाही. पदरास लावताना मात्र मंगळसूत्राचे मणी त्यावर वाजणार नाहीत असे पाहावे. बांगड्यांचा आवाज येईल तो येऊ द्यावा. त्या उतरावयास कोणत्याही स्त्रीस सांगू नये. जात्याचेही तेच. मुद्रण स्वच्छ यावे म्हणून जाते थांबविले की पुष्कळदा ओवीही थांबते, कारण हात फिरू लागल्यावाचून पुढची ओळ आठवत नाही. प्रथम जात्यासह गाऊ द्यावे, आणि नंतर जमल्यास त्याच ओव्या नुसत्या म्हणवून घ्याव्यात.

खोलीत पंखा बंद, चार्जर काढलेला, लॅपटॉप दोन हात दूर. पुष्कळदा चार्जर लावलेला असता ५० कंपनांची विजेची गुणगुण मुद्रणात उतरते. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या व खाली सतरंजी घातली की घुमारा बराच कमी होतो. ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्रॅम ह्या कामास पुरेसा आहे. मुद्रण एकपदरी, ४४,१०० नमुने व १६ बिट ठेवावे आणि मूळ प्रत वेव्ह स्वरूपात जपावी. एका मिनिटास सुमारे ५ मेगाबाइट, म्हणजे तासास ३२० च्या आत जागा लागते. आवाजाची पट्टी शून्यास कधीही टेकू देऊ नये; सर्वांत मोठा आवाज वजा १२ ते वजा ६ च्या दरम्यान राहावा. कमी आलेला आवाज मागाहून वाढविता येतो, फाटलेला शिवता येत नाही. विंडोजमधील आवाज ‘सुधारण्याची’ सोय बंद करावी, कारण ती गलक्याबरोबर शब्दांची शेपटेही खाते.

मुद्रणापूर्वी गाणाऱ्या व्यक्तीची, आणि मुलाच्या बाबतीत पालकांची, संमती घ्यावी. हे कोण ऐकेल तेही सांगावे. मुलाचे अडखळत वाचलेले धडे गटागटांतून फिरविणे हा त्याच्यावर अन्याय होय. संमती मिळाल्यावर आरंभी शिक्षकाने स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, बोली व गाणाऱ्याचे नाव उच्चारावे, कारण फाइलचे नाव बदलते, आत बोललेले शब्द बदलत नाहीत. प्रती दोन कराव्यात. एक शाळेत राहावी. दुसरी पेनड्राइव्हवर घालून, मोबाइलवर वाजेल अशा एमपी-थ्री प्रतीसह, ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी पोहोचती करावी.